नाण्यावरचा ढग

ताईचं ते पत्र भिंगकाकांनी किती जपून ठेवलं होतं, हे बघून कुणालाही गहिवरून आलं असतं. घडी उलगडून, नाण्यांसाठी मिळतो तसल्या आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून, पारदर्शक पाकिटात, घट्ट झाकणाच्या डब्यात. ऊन लागू नये, दमट हवा लागू नये, बोटांचे ठसे उमटू नयेत. एखाद्या पत्राची जेवढी म्हणून काळजी घेता येते तेवढी सगळी त्यांनी घेतली होती. त्याला उत्तर तेवढं दिलं नव्हतं.

पत्र आलं तेव्हा ताईची नात पाळण्यात होती. आता ती शाळेत जाते.

पत्र मोठं नव्हतं. 'प्रिय धाकट्या,' अशी सुरुवात करून ताईनं लिहिलं होतं की बाबांनी आपल्या दोघांना दिलेल्या चांदीच्या नाण्यांपैकी माझं मी नातीच्या पहिल्या वाढदिवसाला देणार आहे. काल ते कपाटातून काढलं तर जहाजाच्या वर, आकाशाच्या जागी, एक पांढरट डाग. दुधाचा थेंब पडून वाळावा तसा. मला तर तो ढगासारखाच दिसतो. पण तुझे भावोजी म्हणतात की डाग पडलेलं नाणं पोरीच्या हातात ठेवलं तर लोक काय म्हणतील, दातांच्या पावडरीनं घासून आरसा करून देतो. मी त्यांना म्हटलं, माझा भाऊ याच विषयातला माणूस आहे, त्याचं उत्तर येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तर लवकर कळव. घासू का?

उत्तर भिंगकाकांना पत्र वाचता वाचताच माहीत होतं. 'घासू नकोस.' दोन शब्द. आणि सगळी अडचण तीच होती. सख्ख्या मोठ्या बहिणीला दोन शब्दांचं पत्र पाठवायचं? तिला वाटायचं, भाऊ तुसडा झाला. कारणं द्यायला हवीत. कारणं द्यायची तर पहिल्यापासून द्यायला हवीत. म्हणून पहिला खर्डा टांकसाळीपासून सुरू झाला: चांदीच्या कोऱ्या चकत्या आधी धुतात, मग भट्टीत तापवतात, मग त्यांच्यावर ठसा मारतात, धुताना वापरलेल्या कशाचा तरी अंश राहिला तर तो भट्टीत भाजला जातो आणि पुढं केव्हातरी, नाणं नीट ठेवलं तरी, पांढरा होऊन वर येतो, असं मानतात. 'असं मानतात' लिहिल्यावर काकांना शंका आली की नक्की कोण मानतं तेही लिहायला हवं. ते शोधण्यात महिना गेला. तोवर पहिल्या पानावर 'ताई'मधल्या कान्याची शाई किंचित पसरलेली त्यांच्या लक्षात आली. डागाबद्दलचं पत्र आणि त्यावरच डाग! फाडलं.

दुसऱ्या खर्ड्यात एक ओळ तिरकी गेली. तिसऱ्यात एक शब्द खोडावा लागला. चौथा निर्दोष होता, म्हणून तो त्यांनी सकाळच्या उजेडात भिंगाखाली धरला आणि मग तोही निर्दोष राहिला नाही.

अशी ही तयारी चालू असताना पोरगी रांगायला लागली, चालायला लागली, बोलायला लागली.

खरं सांगायचं तर प्रत्येक खर्ड्यात आणखी एक वाक्य असायचं. फार सभ्य वाक्य. 'नाणं ठेवण्यात काही हयगय झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' ते वाक्य कितीही गुळगुळीत केलं तरी त्यातून एक बोट ताईच्या स्वयंपाकघराकडे निघायचं. काकांना ते दिसायचं. काढून टाकावंसंही वाटायचं. पण ते त्यांना खरं वाटत होतं, आणि खरं वाटणारी गोष्ट गाळायची म्हणजे अहवालात लबाडी. त्यांना पत्र लिहिताच येत नसे. ते अहवालच लिहीत.

पेशाच तसा होता. नाण्यांना गुण देणाऱ्या एका कार्यालयात ते आयुष्यभर नोकरीला होते आणि निवृत्तीचं वय उलटून गेल्यावरही साहेबांनी त्यांना सोडलं नव्हतं. लोक तिथं आपली नाणी आणून द्यायचे. आतल्या खोलीत तीन परीक्षक तेच नाणं वेगवेगळं बघायचे, दिव्याखाली तिरपं करून, भिंग डोळ्याला लावून, आणि सत्तरपैकी गुण द्यायचे. मग नाणं पारदर्शक डबीत कायमचं सीलबंद व्हायचं आणि वर गुणांची चिठ्ठी लागायची. सत्तरपैकी सत्तर म्हणजे भिंगाखालीसुद्धा काही सापडलं नाही. एक बारीकसा डाग सापडला की एकोणसत्तर, जरा मोठा असला की त्याहून खाली. आणि तो डाग कुणी घासून काढायचा प्रयत्न केलेला दिसला, चांदीवर केसाएवढे ओरखडे दिसले, की मग गुणच नाहीत. चिठ्ठीवर फक्त 'साफ केलेले' असा शेरा. शाळेत नापास झालेल्या मुलाला निदान गुण तरी असतात.

त्या खोलीतला सर्वांत मोठा नियम म्हणजे नाण्यावर बोलायचं नाही. बोलताना थुंकीचा न दिसणारा शिंतोडा उडतो, चांदीवर बसतो आणि वर्षा-दोन वर्षांनी तिथं तपकिरी ठिपका उगवतो. म्हणून तोंडाला पट्टी आणि शिवाय मौन. नवे परीक्षक या नियमानं कासावीस व्हायचे. भिंगकाकांना मात्र पहिल्या दिवशीच वाटलं की आपण स्वर्गात आलो. जगात कुठंतरी एक अशी खोली आहे, जिथं गप्प बसण्याचा पगार मिळतो! त्यांच्या हातून गेलेल्या एकाही नाण्यावर कधी ठिपका उगवला नाही. साहेब ते पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे. "हे आमचे भिंगकाका. यांच्या तोंडून शब्द काढून दाखवा." पाहुणे प्रयत्न करायचे आणि काका खाली बघायचे.

गंमत म्हणजे परक्यांच्या पत्रांना उत्तरं लिहिण्याचं काम याच भिंगकाकांकडे होतं, आणि ते ती बिनबोभाट लिहीत. कारण ती छापील होती. 'माननीय ग्राहक, आपल्या नाण्यावर सीलबंद झाल्यानंतर दुधाळ डाग आल्याचे वाचून खेद वाटला. सदर डाग धातूच्या अंगचा असून तो परीक्षणाच्या वेळी दृश्य नव्हता. सबब त्याची जबाबदारी कार्यालयावर येत नाही.' हे वाक्य काकांनीच घडवलं होतं, साहेबांनी त्यात फक्त 'सबब' घातला. एकदा, अगदी निराश होऊन, त्यांनी ताईसाठीही त्यातलीच एक प्रत पाकिटात घातली होती. मग 'माननीय ग्राहक' हे शब्द डोळ्यांसमोर आले आणि त्यांनी ती चटका बसल्यासारखी बाहेर काढली.

परवाच बटणशेठ आले होते. हे कार्यालयाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक, बटणांचे व्यापारी. सत्तरपैकी सत्तर नसलेलं नाणं ते घरात घेत नसत. नाण्यावर काय आहे हे मात्र त्यांना कधी विचारू नये; ते फक्त चिठ्ठी बघायचे. काउंटरवर त्यांनी एक डबी आपटली.

"हे बघा! सत्तरच्या मालावर पांढरं पडलंय! हे काय लावलंय तुम्ही?"

काउंटरवरच्या बाई अशा प्रसंगी दगडाला पाझर फुटेल इतक्या गोड बोलायच्या. "शेठ, चिठ्ठीवर किती आहेत?"

"सत्तर."

"मग सत्तरच आहेत."

"अहो, पण डाग दिसतोय ना मला!"

"तुम्हाला दिसतोय. चिठ्ठीला नाही दिसत."

बटणशेठ जरा थांबले. डोळे बारीक करून त्यांनी विचार केला. "म्हणजे विकताना सत्तर म्हणूनच विकता येईल?"

"ते आम्ही कसं सांगणार, शेठ? आम्ही काही तुमच्यासारखे व्यापारी नाही."

बटणशेठ खुशीत गेले. आतल्या खोलीत काकांनी हे सगळं ऐकलं आणि तोंडावरची पट्टी नीट केली. आपल्या घरात एक सत्तरचं नाणं आहे आणि त्यावर असलं काही कधी होणार नाही, या विचारानं त्यांना नेहमीसारखं बरं वाटलं.

ते नाणं म्हणजे बाबांनी दिलेलं दुसरं. बाबांनी निवृत्तीच्या दिवशी टांकसाळीच्या खिडकीवर रांग लावून दोन आणली होती, शेजारी शेजारी पडलेली, एकाच ठशाची. शिडाचं जहाज, खाली लाटा, वर मोकळं आकाश. एक ताईला, एक धाकट्याला. ताईनं आपलं कपाटात साड्यांखाली ठेवलं, मधूनमधून काढून पोरांना दाखवलं. काकांनी आपलं थेट कार्यालयात नेलं. स्वतःच्या नाण्याला स्वतः गुण द्यायचे नाहीत या नियमाप्रमाणे दुसऱ्या तिघांनी बघितलं आणि तिघांनीही सत्तर दिले. त्या दिवसापासून ते लोखंडी पेटीत होतं. काका ते कधी उघडून बघत नसत. उजेड कशाला लावायचा?

मंगळवारी संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. दारात भाची. ताईची मुलगी, दातांची डॉक्टर. कसल्याशा यंत्राच्या खरेदीला या शहरात आली होती.

"मामा, तू जिवंत आहेस हे आईला सांगितलं तर चालेल ना?"

"ये, ये. बस. चहा…"

"चहा मी करते. तू करायला गेलास की पाणी उकळलं की नाही याचा निर्णय होईपर्यंत माझी गाडी जाईल."

ती स्वयंपाकघरातूनच बोलत राहिली. काकांना ते सोयीचं होतं. भिंतीशी बोलणं त्यांना माणसाशी बोलण्यापेक्षा बरं जमायचं.

"रविवारी लेकीचा वाढदिवस आहे, मामा. आमच्या बाबांनी जाहीर केलंय की यंदा नाणं घासणार म्हणजे घासणार. पावडरचा नवा डबा आणलाय. जुना ब्रश उकळून ठेवलाय. आमच्या दवाखान्यात एवढी तयारी दाढ काढताना नसते."

भावोजींचं घासण्याचं वेड काकांना ठाऊक होतं. नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, बुटांची टाचसुद्धा. घरातली जी वस्तू स्थिर उभी राहील ती भावोजी घासायचे. त्यांच्या डोक्यावर केस राहिले नाहीत त्याचं कारणही तेच असावं, असं ताई म्हणायची.

"पण चांदीला… पावडर… ती कशी…"

"मला नको सांगूस. पांढरा डाग घासून जात नाही हे मी रोज लोकांना ओरडून सांगते. दातावर सुद्धा तो वरून लागलेला नसतो, आतलाच असतो. घासणारे घासतात आणि मग दात हातात घेऊन माझ्याकडे येतात. हे मी बाबांना सांगितलं. म्हणाले, तू दातांचं बघ, नाण्यांचं मामाला कळतं. म्हटलं, मामाला विचारलंय की. म्हणाले, मग? आता या 'मग'वर मी काय बोलणार?"

ती दोन कप घेऊन आली. एक त्यांच्यासमोर ठेवला, आणि कपाखाली बशी नाही हे बघून काकांनी हळूच खाली वर्तमानपत्र सरकवलं. तिनं ते पाहिलं.

"दरवर्षी पोरगी विचारते, आजी, माझं जहाज? आई सांगते, मामाआजोबांचं पत्र आलं की. पोरीला वाटतं मामाआजोबा हे कुठलंतरी सरकारी खातं आहे."

"मी लिहिणार होतो. लिहिलंय. म्हणजे जवळजवळ…"

"किती वेळा?"

काकांनी चहाकडे बघितलं.

"तूच सांग ना तिला," ते म्हणाले. "घासू नकोस म्हणावं. बस."

"नाही. तोंडी निरोप न्यायचा नाही अशी मला सक्त ताकीद आहे. आई म्हणाली, त्यानं तुझ्याजवळ काही सांगितलं तर ऐकून घेऊ नकोस, कानात बोटं घाल." भाचीनं खरोखरच कानात बोटं घातली, मग काढली. तिचा आवाज खाली आला. "मामा, आई इतकी वर्षं बाबांचा हात धरून बसलीय. कशाच्या जोरावर? माझा भाऊ लिहील. या खेपेला म्हणाली, रविवारपर्यंत आलं तर आलं. नाहीतर घासू दे त्यांना. मग त्या नाण्याचीही वाट बघायला नको आणि त्याच्या पत्राचीही."

 काकांना न बोलण्याची सवयच होती. पण या वेळी त्यात आराम नव्हता.

"आईनं आजवर तुला सत्तरपैकी सत्तरच दिलेत," भाची पर्स उचलत म्हणाली. "न बघता. मी असते तर केव्हाच चिठ्ठी बदलली असती."

ती गेल्यावर भिंगकाकांनी एक शूर गोष्ट केली. त्यांनी फोन उचलला. फोनवर ते 'हं' आणि 'बरं' या दोन शब्दांवर सगळा व्यवहार भागवत, म्हणूनच तर ताई पत्र लिहायची. पण आज त्यांनी चार शब्द पाठ केले होते: ताई, नाणं घासू नकोस. पलीकडे भावोजींनी उचलला.

"हॅलो! कोण?"

"हं."

"कोण हं?"

"मी…"

"अरे, मेव्हणे! तुम्ही होय! मी म्हटलं आमच्या घराचा नंबर तुमच्याकडून हरवला की काय. बोला, बोला!"

"ते… नाणं…"

"हां, नाणं! अजिबात काळजी करू नका. असं चमकवतो बघा की तुम्ही भिंग टाकून काळा चष्मा लावाल. पावडर एक नंबरची आणलीय, पुदिन्याच्या वासाची."

"नको…"

"नको कसं? अहो, संकोच कसला! तुम्ही बिझी माणूस, तुम्हाला कुठं वेळ. मेहनत मी करतो. मग ठरलं?"

"बरं," भिंगकाका म्हणाले आणि फोन ठेवला.

आपण काय बोललो हे त्यांना फोन ठेवल्यावर ऐकू आलं. पायाखालची जमीन सरकणे हा वाक्प्रचार त्यांनी बऱ्याच पुस्तकांत वाचला होता. त्याचा अनुभव स्टुलावर बसल्या बसल्या येतो हे कुठं दिलं नव्हतं. आता तिकडे भावोजी काय सांगत असतील? 'खुद्द तुझ्या भावानं परवानगी दिली, कार्यालयाचा माणूस आहे तो!' आणि ताई काय म्हणेल? काही म्हणणार नाही. धरलेला हात सोडून देईल.

पुन्हा फोन करायचा? पुन्हा भावोजी, पुन्हा 'बरं'. त्यापेक्षा आपलंही नाणं त्यांना घासायला नेऊन दिलेलं बरं.

त्यांनी कागद ओढला. पत्र सकाळच्या टपालात पडायला हवं होतं. या वेळी टांकसाळ नको, भट्टी नको. पुरावाच द्यावा. माझ्या नाण्याला कुणी हात लावला नाही, ते आजही निष्कलंक आहे, तेव्हा तूही हात लावू नकोस. झालं. पण अहवाल लिहिणारा माणूस न बघता 'निष्कलंक आहे' असं कसं लिहील? काकांनी लोखंडी पेटी काढली, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले, आणि डबी दिव्याखाली तिरपी केली.

जहाजाच्या पुढं, लाटांवर, एक दुधाळ डाग होता.

त्यांनी डबीची बाहेरची बाजू पुसली. डाग तिथंच. भिंग लावलं. भिंगाखाली तो मोठा झाला, एवढंच. चिठ्ठीवर सत्तर लिहिलेले होते आणि चिठ्ठीला खरोखरच काही दिसत नव्हतं.

पहिला विचार त्यांच्या मनात आला तो असा की उद्या कार्यालयात जाऊन ही डबी काउंटरवर आपटावी. दुसरा विचार, काउंटरवरच्या बाई काय म्हणतील. तिसरा, छापील उत्तर आपल्यालाच लिहावं लागेल: माननीय ग्राहक, वाचून खेद वाटला. चौथा विचार यायच्या आधी त्यांना हसू आलं. रिकाम्या घरात एकट्यानं हसणं त्यांना बरं दिसलं नाही, म्हणून ते थांबले, पण पुन्हा आलं.

साड्यांखाली ठेवलेल्या, पोरांच्या हातांत खेळलेल्या नाण्यावर डाग. लोखंडी पेटीत, सीलबंद डबीत, माणसाची सावलीही न पडलेल्या नाण्यावर डाग. शेजारी शेजारी धुतली गेली होती दोन्ही, एकाच भट्टीत तापली होती. म्हणजे बाबांनी खिडकीवरून ती घेतली तेव्हाच दोन्ही डाग आत होते, आणि बाबांनी दोघांना अगदी सारखी वाटणी केली होती. हयगय वगैरे करायला ताईला कुणी संधीच ठेवली नव्हती. ते सभ्य वाक्य, इतक्या खर्ड्यांतून इतकं गुळगुळीत करत आणलेलं, एका क्षणात निकामी झालं. काकांना क्षणभर त्याची हळहळ वाटली. चांगलं वाक्य होतं.

मग त्यांनी लिहिलं.

'प्रिय ताई,

घासू नकोस.

माझ्याही नाण्यावर तसाच डाग आला आहे. मी आजवर त्याला हात लावला नव्हता, बघितलंही नव्हतं, तरी आला. तो आतूनच येतो, त्याला कुणी काही करू शकत नाही. घासलं तर डाग तसाच राहील आणि जहाजावर ओरखडे मात्र येतील. तुझा आकाशात आहे, माझा समुद्रावर. तुला तो ढगासारखा दिसतो असं तू लिहिलं होतंस. माझा मला लाटेच्या फेसासारखा दिसतो. नातीला तसंच दे.

भावोजींना मी फोनवर बरं म्हणालो ते खरं धरू नये. त्यांच्यापुढं मला दुसरं काही सुचत नाही.

उत्तराला उशीर झाला.

तुझा धाकटा'

एक पान. खाडाखोड नाही, ओळ सरळ. काकांनी ते दोन्ही हातांत धरलं आणि त्यांना वाटलं, हेच जर भावोजींना तोंडानं सांगता आलं असतं! म्हणून, सराव म्हणून, घरात कुणी नाही याची खात्री करून, ते कागदाकडे बघत ठणकावून म्हणाले, "घासू नकोस!"

'स' जरा जोरात निघाला. शिंतोडा उडाला तो नेमका 'नकोस'वर पडला. शाई पाण्यानं पसरणारी होती. अक्षराभोवती एक निळसर गोल पसरला आणि स्थिरावला.

आयुष्यभर एकाही नाण्यावर न उडालेला शिंतोडा! हजारो लोकांच्या चांदीपुढं मिठाची गुळणी धरून बसलेला माणूस, आणि बहिणीच्या पत्रावर थुंकला. त्यांचा हात आपोआप कागद फाडायला गेला. कागदाच्या कडेला एक बारीकशी चीरही पडली. मग हात थांबला. फाडलं तर नवं लिहिणार. नवं लिहिलं तर भिंगाखाली धरणार. आणि रविवारी पोरीला पुदिन्याच्या वासाचं जहाज मिळणार.

'नकोस' वाचता येत होतं. निळ्या ढगाच्या आत, पण वाचता येत होतं. त्यांनी पेन उचललं आणि खाली आणखी एक ओळ घातली: 'वरचा डाग माझाच आहे. त्यालाही घासू नये.'

सकाळी ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी उभे राहिले. पाकिटावरचा पत्ता वाचला. उलटून पुन्हा वाचला. मागून एक बाई आली, त्यांच्या खांद्यावरून हात घालून तिनं आपलं पत्र टाकलं आणि निघून गेली. तिनं ते वाचूनसुद्धा बघितलं नाही. काकांनी डोळे मिटले आणि पाकीट सोडलं. आत ते पडल्याचा आवाज आला.

आवाज विरायच्या आत त्यांना आठवलं की आपण तारीख घातली नाही.

त्यांनी पेटीच्या फटीत बोटं घातली. मग मनगटापर्यंत हात घातला. हात आत असतानाच पोस्टमन पिशवी घेऊन आला.

"काय काका, काय शोधताय?"

"पत्र… माझं… जरा परत… तारीख राहिली."

"आता नाही मिळत. पेटीत पडलं की ते तुमचं राहिलं नाही."

"माझंच आहे हो. आत्ताच टाकलं."

"टाकायच्या आधी बघायचं ना. आत गेल्यावर काय दिसलं त्याला आम्ही जबाबदार नाही. नियम आहे."

या वाक्याचा बाज काकांना ओळखीचा वाटला. 'सबब' तेवढा राहिला होता. त्यांनी मुकाट्यानं हात बाहेर काढला. पोस्टमननं पेटी उघडली, गठ्ठा काढला आणि पिशवीत टाकताना सगळ्यांत वरच्या पाकिटावर अंगठा दाबला. पाकीट ताईचं होतं. अंगठा सायकलच्या साखळीतून आलेला असावा. पांढऱ्या पाकिटावर, बरोबर पत्त्याच्या वर, एक काळा, सुबक, रेषान् रेष दिसेल असा ठसा उमटला.

भिंगकाकांनी सवयीनं दोन गुण कापले.

"काय?" पोस्टमननं विचारलं. "अजून काही?"

"रविवारच्या आत पोचेल ना?"

"शुक्रवारीच पोचेल."

"बरं," भिंगकाका म्हणाले.